११०५ या संख्येचे गुणधर्म वहीवर कसे काढायचे: क्रम, पडताळा आणि नेहमीच्या चुका

एखादी संख्या दिली आणि ‘हिचे गुणधर्म काढा’ असे सांगितले की बहुतेक जण आठवेल ते लिहू लागतात. विषम आहे, पाचने भाग जातो, अंकांची बेरीज सात येते. मग विभाजक, मध्येच वर्गांची बेरीज, पुन्हा विभाजक. पान भरते, पण कुठली ओळ कशावर उभी आहे ते कळत नाही आणि चूक झाली तर ती सापडत नाही.

११०५ साठी माझ्यासमोर वारंवार येणारी वही अशी असते. पहिल्या ओळीत ११०५ = ५ × २२१, खाली नीट मारलेली दुहेरी रेघ. पुढे: विभाजक ४, विभाजकांची बेरीज १३३२, ११०५ शी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ८८०. अक्षर स्वच्छ, सूत्रे बरोबर, गुणाकार बरोबर, आणि तिन्ही उत्तरे चूक. कारण २२१ ही मूळ संख्या नाही. दुहेरी रेघ एक ओळ आधी मारली गेली आणि खालचे सगळे वाया गेले.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. उदाहरण म्हणून ११०५ घेतली आहे, कारण या एका संख्येत बहुतेक सगळ्या नेहमीच्या चुका पकडता येतात. रीत हाताशी बसली की दुसरी कोणतीही संख्या घ्या.

## तयारी

पानाचे दोन भाग करा. डावीकडे आकडेमोड, उजवीकडे फक्त पडताळा झालेली उत्तरे. पडताळा झाल्याशिवाय उजवीकडे काहीही लिहायचे नाही. हा नियम साधा वाटतो, पण पुढचे टप्पे उजव्या रकान्यातूनच आकडे उचलतात, त्यामुळे तो पाळावाच लागतो.

दोन याद्या आधीच लिहून ठेवा.

पहिली, ३४ पर्यंतच्या मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१.

दुसरी, १ ते ३३ चे वर्ग. ३३ वर का थांबायचे? ३३² = १०८९ आणि ३४² = ११५६. म्हणजे ११०५ चे वर्गमूळ ३३ आणि ३४ यांच्या मध्ये आहे. हे दोन आकडे पानाच्या माथ्यावर लिहा, दोनदा कामी येतील.

कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही, पण शेवटच्या टप्प्यात तो एका ठिकाणी हमखास फसवतो. ते तिथेच सांगतो.

## टप्पा १: मूळ अवयव पाडणे

सर्वांत लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा, मधली एकही गाळू नका.

२: संख्या विषम, भाग जात नाही. ३: अंकांची बेरीज १ + १ + ० + ५ = ७, भाग जात नाही. ५: शेवटी ५ आहे, भाग जातो. ११०५ ÷ ५ = २२१.

आता इथे थांबायचे नाही. २२१ ही नवी संख्या समजा आणि तिचे वर्गमूळ नव्याने पाहा: १४² = १९६, १५² = २२५. म्हणजे १४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की निकाल लागतो. ५ पासूनच पुन्हा सुरू करा. ५ ने जाऊन गेला म्हणून ५ सोडायचा नाही, एखादा अवयव दोनदाही येऊ शकतो.

५: शेवटी १, नाही. ७: ७ × ३१ = २१७, बाकी ४, नाही. ११: २ − २ + १ = १, नाही. १३: १३ × १७ = २२१. जातो.

उरला १७, तो मूळ आहे.

११०५ = ५ × १३ × १७

सावध. २२१ दिसायला मूळ संख्येसारखी आहे. शेवटी १, तीनने जात नाही, सातने जात नाही, अकराने जात नाही. इतक्यात हात थकतो आणि ‘असेल मूळ’ म्हणून रेघ मारली जाते. १४ पर्यंत जायचे ठरले असेल तर १३ गाठल्याशिवाय थांबू नका.

पडताळा. बरेच जण अवयवांचा गुणाकार परत करून पाहतात आणि ११०५ आला की निश्चिंत होतात. तेवढ्याने भागत नाही. ५ × २२१ केले तरी ११०५ च येतो. पडताळ्याचे भाग दोन: गुणाकार परत जुळतो का, आणि प्रत्येक अवयव स्वतः मूळ आहे का. दुसरा प्रश्न प्रत्येक अवयवासाठी वेगळा विचारा. ५, १३, १७ तिन्ही आपल्या यादीत आहेत. आता उजव्या रकान्यात लिहा.

## टप्पा २: विभाजक, त्यांची संख्या आणि बेरीज

तिन्ही मूळ अवयव एकेकदाच आले आहेत. कोणताही विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोनच पर्याय. म्हणून विभाजकांची संख्या २ × २ × २ = ८.

यादी अशाच रीतीने लिहा, अंदाजाने नाही. एकही न घेता १. एकेक घेऊन ५, १३, १७. दोन-दोन घेऊन ६५, ८५, २२१. तिन्ही घेऊन ११०५.

बेरजेसाठी प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार करा: ६ × १४ × १८ = १५१२.

सावध. ही सोपी रीत अवयव एकदाच आलेला असतानाच चालते. समजा संख्येत ५ दोनदा असता, तर ६ च्या जागी १ + ५ + २५ = ३१ घ्यावे लागले असते आणि विभाजक मोजताना २ च्या जागी ३. ११०५ वर हात बसला की पुढच्या संख्येत ही चूक होतेच होते, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

पडताळा. यादीतले आठही आकडे प्रत्यक्ष मिळवा: १ + ५ + १३ + १७ = ३६, त्यात ६५ मिळवून १०१, ८५ मिळवून १८६, २२१ मिळवून ४०७, ११०५ मिळवून १५१२. सूत्र आणि यादी जुळली. शिवाय यादीतला पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा, अशा जोड्या गुणून पाहा: १ × ११०५, ५ × २२१, १३ × ८५, १७ × ६५. प्रत्येक वेळी ११०५ आले पाहिजे. एखादा विभाजक राहून गेला असेल तर इथे जोडी मोडते.

स्वतः संख्या सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज ४०७. ती ११०५ पेक्षा कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या. ही तुलना करताना १५१२ घेऊ नका. १५१२ ही ११०५ पेक्षा मोठी आहे, तेव्हा संख्या विपुल आहे, असे लिहिलेलेही अनेकदा दिसते. बेरीज बरोबर, पण तुलना स्वतःला वगळून करायची असते.

## टप्पा ३: सहमूळ संख्या मोजणे

१ पासून ११०५ पर्यंत अशा किती संख्या आहेत ज्यांचा ११०५ शी मसावि १ आहे? प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार करा: ४ × १२ × १६ = ७६८.

सूत्र पाठ असते, पण ते कशामुळे येते हे माहीत नसल्याने पडताळा करता येत नाही. म्हणून एकदा तरी मोजून पाहा. ११०५ पर्यंत ५ चे पट २२१, १३ चे पट ८५, १७ चे पट ६५. तिन्ही वजा केले की ७३४ उरतात.

इथे बरेच जण थांबतात आणि ७३४ आणि ७६८ जुळत नाहीत म्हणून गोंधळतात. ६५ ही संख्या ५ चा पट म्हणून एकदा वजा झाली आणि १३ चा पट म्हणून पुन्हा. दोनदा वजा झालेल्या परत मिळवा: ६५ चे पट १७, ८५ चे पट १३, २२१ चे पट ५. ७३४ + ३५ = ७६९. आता राहिली फक्त ११०५ स्वतः. ती तीनदा वजा झाली, तीनदा परत मिळाली, म्हणजे अजून मोजणीत आहे. ती काढा: ७६८.

## टप्पा ४: दोन वर्गांची बेरीज

११०५ मधला सर्वांत समृद्ध भाग हा आहे. इथे घाई करू नका.

आधी शक्यता तपासा. विषम मूळ अवयवांना ४ ने भागा. बाकी ३ उरणारा एखादा अवयव विषम वेळा आला असेल तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही आणि पुढचे सगळे श्रम वाचतात. आपल्याकडे ५, १३, १७ तिन्हींना ४ ने भागल्यावर १ उरतो. पुढे जायला हरकत नाही.

मग प्रत्येक मूळ अवयव वेगळा मांडा.

५ = १² + २²
१३ = २² + ३²
१७ = १² + ४²

मग जोडा. त्यासाठी एक नित्यसमानता लागते, जी ब्रह्मगुप्ताच्या नावानेही ओळखली जाते. (अ² + ब²) आणि (क² + ड²) यांचा गुणाकार दोन प्रकारे दोन वर्गांत मांडता येतो:

पहिला प्रकार: (अक − बड)² + (अड + बक)²
दुसरा प्रकार: (अक + बड)² + (अड − बक)²

चिन्हे नीट पाहा. एका कंसात वजा असेल तर दुसऱ्यात अधिक. दोन्हीकडे वजा किंवा दोन्हीकडे अधिक घातले की उत्तर जुळत नाही, आणि ही चूक फार होते.

५ आणि १३ घेऊ: अ = १, ब = २, क = २, ड = ३. पहिल्या प्रकाराने २ − ६ = −४ आणि ३ + ४ = ७. दुसऱ्या प्रकाराने २ + ६ = ८ आणि ३ − ४ = −१. वर्ग करताना ऋण चिन्ह गळून पडते. म्हणजे

६५ = ४² + ७² = ८² + १²

आता ६५ च्या *दोन्ही* मांडण्या १७ बरोबर जोडायच्या. एकच घेऊन पुढे गेलात तर निम्मी उत्तरे हरवतील.

४, ७ आणि १, ४: पहिल्या प्रकाराने ४ − २८ = −२४ आणि १६ + ७ = २३. दुसऱ्या प्रकाराने ४ + २८ = ३२ आणि १६ − ७ = ९.

१, ८ आणि १, ४: पहिल्या प्रकाराने १ − ३२ = −३१ आणि ४ + ८ = १२. दुसऱ्या प्रकाराने १ + ३२ = ३३ आणि ४ − ८ = −४.

११०५ = २४² + २३² = ३२² + ९² = ३१² + १२² = ३३² + ४²

चार मांडण्या. चार वेगवेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज होणारी सर्वांत लहान संख्या हीच, ११०५.

पडताळा. आणखी एखादी मांडणी राहिली नाही ना, हे वर्गांच्या यादीवरून तपासता येते आणि त्याला फक्त दहा ओळी लागतात. दोनपैकी मोठा वर्ग ११०५ च्या निम्म्याहून, म्हणजे ५५२ हून, मोठा असलाच पाहिजे. २३² = ५२९ कमी पडतो, २४² = ५७६ चालतो. म्हणून मोठी संख्या २४ ते ३३ यांच्यातच असणार. एकेक वर्ग ११०५ मधून वजा करा आणि उरलेली संख्या वर्गांच्या यादीत आहे का ते पाहा:

३३ → १६, आहे
३२ → ८१, आहे
३१ → १४४, आहे
३० → २०५, नाही
२९ → २६४, नाही
२८ → ३२१, नाही
२७ → ३७६, नाही
२६ → ४२९, नाही
२५ → ४८०, नाही
२४ → ५२९, आहे

बरोबर चार. २५ च्या ओळीतले ४८० हे ४८४ च्या, म्हणजे २२ च्या वर्गाच्या, जवळ आहे म्हणून घाईत ‘आहे’ लिहिले जाते. यादीत बोट ठेवून पाहा.

## टप्पा ५: ११०५ कर्ण असलेले काटकोन त्रिकोण

मागच्या टप्प्यातली प्रत्येक मांडणी एक पायथागोरसचे त्रिकूट देते. मोठी संख्या म, लहान न धरली तर बाजू म² − न² आणि २ × म × न, कर्ण ११०५.

३३, ४ → १०७३, २६४
३२, ९ → ९४३, ५७६
३१, १२ → ८१७, ७४४
२४, २३ → ४७, ११०४

शेवटचे त्रिकूट पाहून पुष्कळांना आकडेमोड चुकली असे वाटते: एक बाजू ४७ आणि दुसरी कर्णापेक्षा फक्त एकने कमी. चुकलेली नाही. ४७² = २२०९ आणि ११०४ + ११०५ हेही २२०९ च. दोन लागोपाठच्या संख्यांच्या वर्गांतला फरक त्यांच्या बेरजेइतका असतो.

सावध. उत्तर ‘चार त्रिकोण’ असे लिहून थांबू नका. या चार त्रिकूटांत तिन्ही बाजूंना सामाईक विभाजक नाही. पण लहान त्रिकूटे पटीत वाढवूनही कर्ण ११०५ होतो. कर्ण ५ चे ३, ४, ५ घेऊन २२१ ने गुणा: ६६३, ८८४, ११०५. तसेच कर्ण १३ चे ८५ ने, कर्ण १७ चे ६५ ने. पुढे कर्ण ६५, ८५ आणि २२१ यांची सामाईक विभाजक नसलेली प्रत्येकी दोन त्रिकूटे आहेत, ती अनुक्रमे १७, १३ आणि ५ ने गुणायची. उदाहरणार्थ २१, २२०, २२१ हे ५ ने गुणून १०५, ११००, ११०५.

मोजा: ३ + ६ + ४ = १३ त्रिकोण. हा आकडा दुसऱ्या टप्प्यातल्या विभाजकांच्या यादीतूनच उभा राहतो. १ सोडून उरलेला प्रत्येक विभाजक एकदा कर्ण म्हणून घ्यायचा. तिथे एखादा विभाजक राहिला असता तर इथे त्रिकोण कमी पडले असते.

## टप्पा ६: लागोपाठच्या संख्यांची बेरीज आणि आकृतीसंख्या

विषम विभाजक किती, तितक्या प्रकारे संख्या लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. त्यात संख्या एकटीच लिहिणे हाही एक प्रकार धरलेला असतो. ११०५ चे आठही विभाजक विषम, म्हणून एकूण आठ, आणि किमान दोन पदे असलेले सात.

५ पदे हवीत तर मधले २२१: २१९ ते २२३. १३ पदे, मधले ८५: ७९ ते ९१. १७ पदे, मधले ६५: ५७ ते ७३. इथवर सगळे करतात. ६५ पदे, मधले १७ असे मांडले की सुरुवात −१५ पासून होते आणि बहुतेक जण हा प्रकार ‘चालत नाही’ म्हणून खोडतात. खोडू नका. −१५ ते १५ एकमेकांना छेदून शून्य होतात आणि उरते १६ ते ४९, ही ३४ पदे. बेरीज ११०५. याच रीतीने ८५ पदांतून ३० ते ५५, २२१ पदांतून १०६ ते ११५ आणि ११०५ पदांतून ५५२ + ५५३ मिळतात.

आकृतीसंख्या म्हणजे तितके ठिपके मांडून त्रिकोण, दशकोन अशी नियमित आकृती बनते त्या संख्या. त्यांच्यासाठी अंदाज करत बसू नका, समीकरण मांडा. त्रिकोणी आहे का? आठपट करून एक मिळवा: ८८४१. ९४² = ८८३६, पूर्ण वर्ग नाही, म्हणून त्रिकोणी नाही. दशकोनी आहे का? न × (४न − ३) मध्ये न = १७ घातले की १७ × ६५ = ११०५, म्हणजे सतरावी दशकोनी संख्या. १ ते १६९ आकड्यांच्या १३ × १३ जादूच्या चौरसात प्रत्येक ओळीची बेरीजही ११०५ येते: १३ × १७० ÷ २.

## टप्पा ७: दुसऱ्या पायात लिहिणे

२ ने भागत जा आणि बाक्या लिहा: ११०५, ५५२, २७६, १३८, ६९, ३४, १७, ८, ४, २, १. बाक्या क्रमाने १, ०, ०, ०, १, ०, १, ०, ०, ०, १. म्हणजे द्विमान पद्धतीत १०००१०१०००१.

ही मांडणी उलटसुलट सारखीच आहे. गुणधर्म म्हणून सुंदर, पण शिकणाऱ्यासाठी धोक्याचा. बाक्या खालून वर वाचायच्या असतात. ज्याने वरून खाली वाचल्या त्याचेही उत्तर इथे बरोबर येते आणि चूक झाकली जाते.

पडताळा. तीच रीत ८ च्या पायात करा. ११०५ ÷ ८ = १३८ बाकी १, १३८ ÷ ८ = १७ बाकी २, १७ ÷ ८ = २ बाकी १, शेवटी बाकी २. खालून वर वाचले तर २१२१. वरून खाली वाचले तर १२१२, आणि त्याची किंमत ६५० भरते. तुमच्या वहीत १२१२ आले असेल तर वाचनाची दिशा सुधारा.

## टप्पा ८: फर्माची कसोटी आणि ११०५ ची फसवणूक

हा टप्पा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. फर्माच्या लहान प्रमेयानुसार न मूळ असेल आणि त्याने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेतली, तर तिच्या (न − १) व्या घाताला न ने भागल्यावर बाकी १ उरते. लोक हे वाक्य उलटे वाचतात: बाकी १ उरली, म्हणजे न मूळ. ११०५ हे उलट वाचन खोटे पाडते.

२ चे घात घ्या आणि दर पायरीला ११०५ ने भागून फक्त बाकी पुढे न्या:

२ चा ४ था घात → १६
८ वा → २५६
१६ वा → २५६ × २५६ = ६५५३६ → ३४१

इथेच कॅल्क्युलेटर फसवतो. ६५५३६ ÷ ११०५ केले की ५९.३०८६ असे काहीतरी दिसते आणि ३०८६ किंवा ३०८ बाकी म्हणून वहीत उतरते. दशांश चिन्हापुढचे अंक म्हणजे बाकी नव्हे. ५९ × ११०५ = ६५१९५ करा, ६५५३६ मधून वजा करा, उरतील ते ३४१.

२४ वा घात: ८ वा गुणिले १६ वा, २५६ × ३४१ = ८७२९६. ७९ × ११०५ = ८७२९५. बाकी १.

२४ ने ११०४ ला भाग जातो, २४ × ४६ = ११०४. म्हणून २ च्या ११०४ व्या घाताचीही बाकी १. कसोटी उत्तीर्ण, आणि संख्या मात्र संयुक्त.

२ बदलून दुसरी संख्या घेतली तरी सुटका नाही. का, ते पहिल्या टप्प्यातल्या अवयवांत आहे. प्रत्येक अवयवातून १ वजा करा: ४, १२, १६. तिन्हींनी ११०४ ला निःशेष भाग जातो: २७६, ९२, ६९. आणि कोणताही अवयव दोनदा आलेला नाही. या दोन अटी पाळणाऱ्या संयुक्त संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. ५६१ पहिली, ११०५ दुसरी, १७२९ तिसरी.

सावध. ‘प्रत्येक संख्येसाठी बाकी १’ असे लिहू नका. ११०५ शी सहमूळ असलेल्या संख्यांसाठीच. ५ चा कोणताही घात ५ च्या पटीत राहणार, त्याची ११०५ ने भागून बाकी १ येणे शक्य नाही.

मग संयुक्तपणा पकडायचा कसा? कसोटी थोडी कडक करून. ११०४ निम्मे करत जा: ५५२, २७६, १३८, ६९. आता ६९ पासून वर चढा.

६९ = ६४ + ४ + १. २ च्या ३२ व्या घाताची बाकी ३४१ × ३४१ = ११६२८१ वरून २५६, म्हणून ६४ व्या घाताची पुन्हा ३४१. मग ३४१ × १६ × २ = १०९१२, बाकी ९६७.

६९ वा → ९६७
१३८ वा → ९६७ ऐवजी −१३८ घ्या, आकडे लहान राहतात. १३८² = १९०४४, बाकी २५९
२७६ वा → २५९² = ६७०८१, बाकी ७८१
५५२ वा → ७८१² = ६०९९६१, बाकी १

शेवटच्या दोन ओळींवर थांबा. ७८१ चा वर्ग केला आणि १ उरला, पण ७८१ ही स्वतः १ नाही आणि ११०४, म्हणजे −१, पण नाही. मूळ संख्येने भागताना वर्गाची बाकी १ यायची तर ज्या संख्येचा वर्ग केला तिची बाकी १ किंवा −१ च असावी लागते. इथे तसे नाही, म्हणून ११०५ संयुक्त.

शिवाय हीच ओळ अवयवही देते. ७८१² − १ = ७८० × ७८२. या गुणाकाराला ११०५ ने भाग जातो, पण ७८० ला एकट्याला जात नाही आणि ७८२ लाही नाही. म्हणजे ११०५ चे अवयव या दोघांत वाटले गेले आहेत. मसावि काढा.

११०५ आणि ७८०: बाक्या ३२५, १३०, ६५, ०. मसावि ६५.
११०५ आणि ७८२: बाक्या ३२३, १३६, ५१, ३४, १७, ०. मसावि १७.

६५ × १७ = ११०५. १७ मूळ आहे, ६५ अजून फोडायचा आहे: ५ × १३. आता हे तीन अवयव पहिल्या टप्प्यात उजव्या रकान्यात लिहिलेल्या ओळीशी ताडून पाहा.